किती भाषा येतात?

भाषाविज्ञानाच्या प्राध्यापकाला लग्नाच्या पंगतीत हमखास विचारला जाणारा प्रश्न एकच: "मग तुम्हाला किती भाषा येतात हो?" तो घास गिळून म्हणतो, "मराठी. आणि कामापुरतं इंग्रजी." विचारणारा लगेच जिलबीकडे वळतो.

विभाग म्हणजे दोन खोल्या, साडेतीन माणसं. अर्धा तो तासिका तत्त्वावरचा.

इथे चहासुद्धा धड गरम मिळत नाही. शिपाई मामांनी "चार चहा" म्हणायचा अवकाश, की मॅडमचे कान टवकारतात. 'चार'मधला च निराळा, गुरांच्या 'चाऱ्या'तला निराळा. लिहायला अक्षर मात्र एकच. मग 'जग' दोनदा म्हणून दाखवतात: एकदा दुनिया, एकदा 'शंभर वर्षं जग'. हे पोरांना कोणी शिकवत नाही, तरी चुकत नाहीत. तोवर चहावर साय धरलेली असते.

'अशुद्ध बोली' असं कोणी म्हटलं, की विभागप्रमुख खवळतात. बोली अशुद्ध नसतेच! पाचच मिनिटांनी तेच मामांच्या रजेच्या अर्जातले ऱ्हस्व-दीर्घ लाल शाईने सुधारतात. (मामांनी आता अर्ज करणंच सोडलंय. तोंडी सांगतात.)

घाईचं तर नावच नको. या विभागातल्या मंडळींचे चुलतभाऊ शोभतील असे कोशकार पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आहेत. तिथे संस्कृतच्या महाकोशाचं काम १९४८ साली सुरू झालं, पहिला खंड निघायला १९७६ उजाडलं. तीसहून अधिक भाग छापून झाले, तरी 'अ' संपलेला नाही.