रिसेटराव

बाकीचे टेस्टर कनेक्शन जुळतंय का ते बघतात. रिसेटराव ते धड तुटतंय का ते बघतात. नेटवर्किंगच्या प्रत्येक टीमला असा एक इसम असतोच. वायरशार्कमध्ये लाल पट्टी दिसली की बाकीच्यांच्या पोटात गोळा येतो, यांची कळी खुलते. ती पट्टी म्हणजे आरएसटी पॅकेट.

टीसीपीत निरोपाच्या दोन तऱ्हा. फिन म्हणजे आपलं 'बरंय, येतो': दोघांनीही म्हणायचं आणि तरी उंबऱ्यात रेंगाळायचं. आरएसटी म्हणजे धाडकन दार. रावांना दुसरी तऱ्हा प्रिय. सॉकेटला लिंगर लावायचा, वेळ शून्य द्यायचा आणि क्लोज मारायचा. लिनक्स फिनच्या भानगडीत न पडता थेट आरएसटी सोडतं. पलीकडे डेटाची वाट बघणाऱ्या प्रोग्रामला 'कनेक्शन रिसेट बाय पिअर' मिळालं पाहिजे. त्याऐवजी तो कोसळला, की रावांचा दिवस सत्कारणी.

"पण सर, युजर असं कशाला करेल?" नवा पोरगा विचारतो.

"युजर नाही रे करत. फायरवॉल करते. रीबूट होऊन उठलेला सर्व्हर करतो, त्याला तुझी ओळखच राहिलेली नसते."

रावांचा खरा जीव सीक्वेन्स नंबरात. 1981च्या आरएफसी 793 नुसार आरएसटीचा नंबर विंडोत कुठेही पडला तरी चालायचं. त्यामुळे तिसऱ्याच माणसाने अंदाजाने नंबर ठोकत दुसऱ्याचं कनेक्शन तोडायची सोय होती. 2010च्या आरएफसी 5961 ने ती आवळली. म्हणून राव स्कॅपीत हाताने तीन पॅकेटं घडवतात. नंबर तंतोतंत जुळला, तर कनेक्शन तुटलंच पाहिजे. विंडोत पण एकाने चुकला, तर चॅलेंज ॲक यायला हवा, म्हणजे 'खरंच तूच का?' अशी विचारणा. विंडोबाहेर असेल, तर मुकाट्याने कचऱ्यात.

गंमत अशी, की हाताने सिन पाठवला की उत्तर यायच्या क्षणी रावांच्याच मशीनचं कर्नल मध्ये तोंड घालतं. 'हे कनेक्शन मी मागितलंच नव्हतं' म्हणून परस्पर आरएसटी ठोकून मोकळं! मग आयपीटेबल्सचा नियम लावून आधी घरच्यांची तोंडं बंद करावी लागतात. एवढी उठाठेव एका एकाने चुकलेल्या नंबरासाठी, तीही रिलीजच्या आदल्या संध्याकाळी. मॅनेजर घड्याळ दाखवतो, राव ट्रेस दाखवतात.

मात्र भांडण वाढवणं त्यांच्या रक्तात नाही. आरएसटीला आरएसटीने उत्तर द्यायचं नसतं, नाहीतर दोन मशीनं जन्मभर भांडत बसतील, हा प्रोटोकॉलचा नियम ते सोसायटीच्या मीटिंगमध्येही पाळतात.

पैसे पाठवताना ॲप नुसतं गरगरत न बसता 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणतं, ते अशाच कुणाच्या तरी किरकिरीमुळे. तुमच्या टीममध्ये रिसेटराव नसतील तर रिलीजआधी शोधा. नाहीतर ते काम ग्राहक करतील, तेही फुकट आणि शिव्यांसकट.