थांबायची सोय

अंबडमध्ये दारात जुनी गाडी ठेवली की सल्ला फुकट मिळतो. मिळत नाही तो फक्त पार्ट. आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे, सासऱ्यांची. सासरकडून जावयाला जे काही मिळालं, त्यात वजनाला सगळ्यात भारी तीच. सकाळी सेल्फ मारला आणि तिनं उचललं की गल्लीतले चौघं दात घासायचे थांबतात. "काय इंजन हाय राव!" म्हणतात. ती थांबते का, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. दसऱ्याला सुद्धा हार बॉनेटला, लिंबू चाकाखाली, कुंकू काचेवर. मास्टर सिलिंडरला कुणी हळद लावलेली मी तरी पाहिली नाही.

खरं तर पूजेचा पहिला मान त्याचा. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधला पिस्टन सरकतो, ब्रेक ऑइल नळ्यांतून चारी चाकांकडे दाब पोचवतं, चाकातल्या छोट्या सिलिंडरचे पिस्टन शूला बाहेर ढकलतात, लायनर ड्रमला घासतं आणि समोरची म्हैस वाचते. हाच तो पास्कलचा नियम, जो आपण शाळेत दोन मार्कांसाठी पाठ करून परीक्षेनंतर सोडून दिला. आणि ही सगळी यंत्रणा ज्याच्या भरवशावर आहे तो आहे एक रबरी कप, जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढा. तो कडक झाला की ऑइल गळतं. ऑइल कमी झालं की नळीत हवा शिरते. तेल दाबलं जात नाही, हवा मात्र आनंदानं दाबली जाते. मग पेडल खाली बसतं आणि गाडी चालूच राहते. जुन्या गाड्यांत चारी चाकांना एकच लाइन, म्हणजे एकत्र कुटुंबच. एकाला गळती लागली की चौघंही बसले.

तर हा कप आणायला जालन्याला गेलो. अंबडहून तासाभराचाही रस्ता नाही, पण ब्रेकच्या पार्टसाठी ब्रेक नसलेली गाडी नेता येत नाही, म्हणून एसटीनं. काउंटरवरच्या पोराला म्हटलं, "पद्मिनीचं व्हील सिलिंडर किट द्या." त्यानं मोबाइलमधून मान वर न करता विचारलं, "कोण पद्मिनी?"

आतून म्हातारे मालक आले. "नमुना आणलाय का?" मी खिशातून कागदाची पुडी काढली. त्यांनी जुना कप चिमटीत धरला, दाबला, वास घेतला. कडेची पातळ धार बाहेर वळलेली होती आणि बोटाला काळं लागत होतं. पोरगं व्हर्नियर घेऊन मापायला लागलं, तसं मालकांनी त्याच्या हातून ते काढून घेतलं. "हा फुगलेला आहे रे. कुणीतरी ब्रेक ऑइलच्या जागी इंजिन ऑइल घातलंय. यावर माप घेतलं तर नवा बसायचाच नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सिलिंडरचं आतलं माप आणा, मालक. कपाचं नको."

एवढं शहाणपण मला अंबडच्या सल्लागारांत कुणी दिलं नव्हतं. त्यांचं एकच पालुपद: "मेटाडोरचा बसतो की!" "अ‍ॅम्बेसेडरचा घासून बसव." घासून बसवायला माझी हरकत नाही. दाराची कडी घासून बसवा, आरसा दोरीनं बांधा. ब्रेकमध्ये मात्र 'बसतो' आणि 'लागतो' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मालकांनी मग आतून धूळ बसलेलं एक सीलबंद पाकीट आणलं. कंपनीचा माल, कधीही न वापरलेला! माझे हात जोडले जाणार तेवढ्यात त्यांनीच पाकीट मागं घेतलं. "दाखवायला आणलं. हे नका घेऊ. रबर पाकिटातही म्हातारं होतं." दुकानदारानं गिऱ्हाइकाच्या हातातला माल काढून घेतलेला मी जन्मात पहिल्यांदा पाहिला.

मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी होती तोवर आमच्यासारख्यांची चैन त्या टॅक्सीवाल्यांच्या जिवावर चालायची. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली. टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा, त्यामुळे 2023च्या ऑक्टोबरअखेर तिचाही रस्ता संपला. आता पार्ट मागणारे उरले हौशी, आणि हौशी गिऱ्हाईक दुकान चालवत नसतं. त्यातून आमचं जालना पडलं सळईचं गाव. 'जालना सोने का पालना' म्हणतात, पण या पाळण्यात भंगार जातं आणि भट्टीतून सळई निघते. मराठवाड्यातल्या कितीतरी पद्मिनी आज कुणाकुणाच्या स्लॅबमध्ये निवांत पडल्या असतील. तिथं ब्रेकची गरज नाही.

सरकारनंही 2021मध्ये सोय केली आहे. गाडी 50 वर्षांपुढची आणि मूळ रूपात असेल तर 20,000 रुपये भरून तिची 'विंटेज' म्हणून नवी नोंदणी करता येते. मात्र मग ती रोज रस्त्यावर काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. ब्रेक नसलेली गाडी थांबवायचा याहून खात्रीचा उपाय माझ्या ऐकण्यात नाही. आमच्या गॅरेजच्या उस्तादांना हे सांगितलं तर ते ड्रम पुसता पुसता म्हणाले, "साब, रुकती तो हर गाड़ी है. बस रुकने की जगह अपनी मर्ज़ी की होना." तेही ड्रम फडक्यानं पुसतात, तोंडानं फुंकत नाहीत. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि ती धूळ छातीत बसते, हे त्यांना कुणी शिकवलं देव जाणे.

तेव्हा अंबड, घनसावंगी, वडीगोद्रीकडच्या मंडळींना एक विनंती. गोठ्यामागं, कडब्याखाली एखादी पद्मिनी पडली असेल तर भंगारवाल्याला वजनावर देण्याआधी तिचं मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडरं आणि चारी ड्रम काढून ठेवा. सिलिंडर आतून खरवडलेलं असलं तरी चालेल, लेथवर स्लीव्ह मारून घेता येते. ड्रम मात्र टर्निंग करून करून पातळ झालेला नको. आणि आतले रबरी कप अजून चांगले दिसतात म्हणून मला आग्रह करू नका, ते टाकून द्या.