कथा चालनात?

जळगावात बसून मी व्हिएतनामचा क्वांग नाम प्रांत पाठ केला होता. निवृत्तीनंतर परदेशी जायचं, पण झेंडेवाल्या गाइडमागे मेंढरासारखं नाही, अभ्यास करून जायचं, असा बाणा. दोनशे पानी वही भरली. होई आनचे कंदील, तिथल्या जाड शेवयांचा ‘काउ लाउ’ आणि चंपा राजांची ‘मी सन’ची शिवमंदिरं! चौथ्या शतकातल्या भद्रवर्मन राजाने महादेवाला ‘भद्रेश्वर’ नाव दिलं, हे मी दूधवाल्यालाही ऐकवलं. दूध पातळ झालं ते बहुधा तेव्हापासून.

अशात लेकीचा साखरपुडा धुळ्याला ठरला. नव्वदेक किलोमीटरचा रस्ता. एरंडोल, पारोळा कधी गेलं ते कळलंच नाही. मी ‘सिन चाओ’ म्हणजे नमस्कार, हे घोकत होतो.

मांडवात हात धुवायला उठलो, तर याहींच्या, म्हणजे व्याह्यांच्या, आईने विचारलं, “कथा चालनात भाऊ?”

आमच्या घरात लेवा बोली. अहिराणी नुसती कानावरून गेलेली. मी नम्रपणे म्हणालो, “नाही आजी, कथा कसली? साखरपुडा आहे.”

मांडव हसला. ‘कथा’ म्हणजे ‘कुठे’, हे लेकीने कानात सांगितलं तोवर माझी अब्रू शेवभाजीच्या तर्रीवर तरंगत होती.

ती वाचवायला मी क्वांग नाम काढला. मंदिरं, शिलालेख, सगळं. याही शांतपणे भाकरी मोडत म्हणाले, “आपलं बळसाणं पाहिलं का? साक्री तालुक्यात. हेमाडपंती देवळं आहेत.”

“नाही.”

“राजवाडे संशोधन मंडळ?”

“बाहेरून.” (हेही खोटंच.)

“विनोबांनी १९३२ साली गीतेवरची प्रवचनं दिली तो तुरुंग?”

‘गीता प्रवचने’ माझ्या कपाटात तीस वर्षं आहे. ती सांगितली इथल्या तुरुंगात आणि उतरवून घेतली साने गुरुजींनी, हेही मला ठाऊक. पण तुरुंग धुळ्यात कुठे आहे, हे विचारावंसं कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात होणाऱ्या जावयाने मोबाइल पुढे केला. “पप्पा, क्वांग नाम आता नाहीये. १ जुलै २०२५ला दा नांगमध्ये विलीन झाला. ६३ चे ३४ केले त्यांनी.”

माझी दोनशे पानं एका वाक्यात रद्दीत गेली. याहींनीच समजूत काढली : “चालायचंच. आपला खान्देश १९०६ साली पूर्व-पश्चिम झाला, त्याचे पुढे जळगाव-धुळे. नंदुरबार आमच्यातून निघालं तेही १ जुलैलाच, १९९८ला. तिकडे जोडतात, इकडे तोडतात.”

दुसऱ्या दिवशी घरची मंडळी जळगावला परतली. मी मात्र हट्टाने मागे राहिलो. वहीच्या मागच्या पानावर लिहिलं, ‘प्रांत : खान्देश. पान १.’ आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं.

आजी ओट्यावरच होत्या. “कथा चालनात भाऊ?”

या वेळी मला बरोब्बर कळलं. ताठ मानेने म्हणालो, “बळसाण्याला!”

स्टँडवर गेलो, लागलेल्या गाडीत चढलो, खिडकी पकडली आणि वही उघडून डोकं खाली घातलं. बऱ्याच वेळाने कंडक्टर आला.

“एक बळसाणे.”

त्याने माझ्याकडे, मग वहीकडे पाहिलं.

“काका, ही शिरपूरची गाडी आहे.”