वारसाचा रकाना

डेटाबेसचा तक्ता आखताना कुठला रकाना रिकामा चालेल, हे ठरवणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता असते ते तंजावरला कळते. दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 मध्ये भोसल्यांचा इतिहास बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरवला. अक्षरमर्यादा एकच, भिंत संपेपर्यंत! नावांचे मात्र कठीण: एकोजी दोन, तुळजा दोन, सरफोजीही दोन. नावाच्या रकान्यावर ‘युनिक’ लावले असते तर निम्मी वंशावळ दारातच अडली असती.

खरी कडक शिस्त कंपनी सरकारची. सरफोजी स्वतः दत्तक. पंडितांची मते मागवून कंपनीनेच 1798 मध्ये ती नोंद वैध ठरवली. 1855 मध्ये त्यांचे पुत्र शिवाजीराजे वारले. मुली होत्या. पण तोवर ‘वारस’ला ‘नॉट नल’ लागले होते, वर ‘चेक’ असा, की पुरुषच हवा. नियम मोडला म्हणून डलहौसीने नोंद नाकारली नाही. तक्ताच खालसा केला.

आता तिथल्या, तमिळ रिवाजाने इनिशियलवर भागवणाऱ्या मराठी माणसापुढे ऑनलाइन अर्ज येतो: आडनाव अनिवार्य, किमान तीन इंग्रजी अक्षरे. तो ‘राव’ भरतो. जेमतेम बसते.