हाकेला ओ

बाबांच्या जुन्या लॅपटॉपला नवं वजन पेलवेना, म्हणून त्यावर लिनक्स आणि लिनक्सवर ओपनबॉक्स नावाचा विंडो मॅनेजर चढवला. ओपनबॉक्स इतका हलका, की त्यात जवळजवळ काहीच नसतं. जाणकारांच्या मते हीच त्याची थोरवी. मोकळा पडदा, माउसचं उजवं बटण दाबलं की एक मेनू, बस्स. आवाजाची कळ दाबली, तर तिकडे शांतता.

कळ बिघडलेली नसते. टर्मिनलमध्ये 'एक्सईव्ही' नावाचा चिमुकला प्रोग्राम चालवला, की तो प्रत्येक कळीची क्रमांकासकट चहाडी करतो: मुकं करणारी १२१, आवाज उतरवणारी १२२, चढवणारी १२३. त्यांची नावंही भारदस्त, सगळ्यांच्या पुढे 'एक्सएफ८६' लावलेलं. ही एक्सफ्री८६ या नव्वदच्या दशकातल्या प्रकल्पाची खूण. २००४ मध्ये परवान्यावरून तिथे भांडण लागलं, बरीच मंडळी एक्स.ऑर्गमध्ये नांदायला गेली. कळांनी मात्र माहेरचं नाव टाकलं नाही. म्हणजे कळ रीतसर, नावगाव सांगून हाक मारत असते, फक्त ओ द्यायला घरात कुणी नसतं. ग्नोमसारख्या डेस्कटॉपच्या भरल्या घरात असल्या हाका झेलायला पडद्याआड कुणी ना कुणी बसलेलं असतं. ओपनबॉक्स म्हणतो, कुणी धावायचं ते तुम्हीच लिहून ठेवा.

ते लिहायचं 'आरसी.एक्सएमएल' या फाइलीत. अमुक कळ दाबली, तर 'एमिक्सर' या आवाज सांभाळणाऱ्या प्रोग्रामला सांग, मास्टर आवाज ५% वाढव. फाइल जतन करायची, ओपनबॉक्सला ती पुन्हा वाचायला लावायची, आणि कळ बोलू लागते. पडद्यावर हिरवी पट्टी नाही, आकडा नाही. वाढला की नाही, ते कानांनीच ठरवायचं.

पण हे ५% कुणाच्या कानाचे? बाबा रेडिओचं बटण दोन बोटांनी फिरवायचे, डोळे मिटून, नाट्यगीतातली तान नेमकी जिथे बसेल तिथपर्यंत. आता ते कळ दाबून म्हणतात, "एवढा नको रे, जरा अलीकडे." मी ५ चे २ केले. तेव्हा कुठे त्यांच्या कपाळावरची आठी सैल झाली.

सगळ्यात सभ्य कळ १२१. ती आवाज शून्यावर आणत नाही, नुसता झाकून ठेवते. पुन्हा दाबा, होता तेवढाच, जिथल्या तिथे. बाबांचा तिच्यावर विशेष जीव. स्वयंपाकघरातून आई काही बोलली, की ते गवयाला तानेच्या ऐन मध्यावर गप्प करतात आणि मान वळवून विचारतात, "काय म्हणालीस?"

"काही नाही," आई म्हणते, "चालू द्या तुमचं."