उंबऱ्याहून उंच

आमच्याकडे, सास्तूरला, ‘फोडायचं’ हा शब्द कुणी सहज काढत नाही. त्यामुळे फाटकापासून ओट्यापर्यंतच्या सिमेंटच्या वाटेला मधोमध भेग गेली, तेव्हा पुतण्याने काढलेला तोडगा घरात सगळ्यांनाच पटला. “काका, फोडायचं कशाला? त्याच्यावरच गट्टू बसवून टाकू की.” गट्टू म्हणजे पेव्हर ब्लॉक. त्याने आणले ते विटकरी रंगाचे. सिमेंटनेच विटेचं सोंग घेतलेलं. ज्या जिल्ह्यात तेरचं त्रिविक्रम मंदिर शतकानुशतकं खऱ्या विटांनी उभं आहे, तिथे विटेचं नुसतं सोंग लॉरीतून यावं, याची मला जरा मौज वाटली.

मिस्त्री आले आणि हातोडीच्या दांड्याने आधी सगळी वाट वाजवत गेले. टण्ण वाजलं की पुढे, बद्द वाजलं की खडूची फुली. थापटी घेऊन संतमंडळींच्या डोक्यांत कच्चं मडकं शोधणारे गोरोबाकाका तेरचेच. त्यांचा वसा या भागात अजून कुणीतरी चालवतंय म्हणायचं. पोकळ वाजलं तेवढंच उकरून भरलं. मग सखल जागी सिमेंटला आरपार भोकं पाडायला सुरुवात झाली. धडक्या वाटेला भोकं कशाला, असं मी विचारलं, तर मान वर न करता म्हणाले, “पाणी फटीतनं खाली जाणारच की, काका. त्याला वाट दिली न्हाई, तर ते कच घेऊन निघतंय.” आणि कच गेली की गट्टू डुलतो, त्यावर पाय पडला की धुतलेल्या धोतरावर चिखलाची पिचकारी बसते, हे मी तालुक्याच्या बाजारात पाहिलं आहे. भोकांवर कापडाचे तुकडे आले, कडेची रांग मालात बसली, मधे कच पट्टीने सारखी झाली, ढाळ घरापासून बाहेरच्या बाजूला. मग साठ मिलिमीटर जाडीचे गट्टू दोरीला धरून एकेक, रबरी हातोडीचा हलका ठोका देत. आमची काळी उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यावरची अखंड वाट आज ना उद्या तडकायचीच. सुट्या गट्ट्यांचं बरं असतं, कुरकुर झाली तर ज्याचा तो आपल्यापुरता हलतो.

ही सिमेंटची वाट भूकंपानंतरची. 29 सप्टेंबर 1993ला गणपती बोळवून गाव झोपलं आणि 30 तारखेच्या पहाटे 3.56ला मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांच्यावरची मातीची जड माळवदं खाली आली. पुढे या पट्ट्यातली 52 गावं नव्या जागी वसवली गेली. आम्हालाही पुनर्वसनाचं घर मिळालं, भूकंपाला पुरून उरेल असं बांधलेलं. इंजिनिअरांचा त्याच्यावर विश्वास होता, आजीचा नव्हता. ती काही केल्या आत झोपेना. मग अंगणात ही वाट ओतली आणि आजीला तिची खोली सापडली. “हिला ना भिंत, ना माळवद,” म्हणत तिने तिथेच वाकळ अंथरली. दिवसभर तापलेलं सिमेंट रात्री उशिरापर्यंत ऊब धरी. वाट ओली असताना शेजारची शेळी तिच्यावरून ऐटीत गेली होती. तिच्या खुरांचे खळगे आजीच्या उशाशी यायचे, त्यातल्या एकात चुन्याची डबी नेमकी बसायची. थंडी सुरू झाली, तरी आम्ही तिला आत बोलावत होतो आणि ती आम्हाला बाहेर.

त्या खुरांवरून मिस्त्रींनी कच ओढली तेव्हा मी बघतच राहिलो. “फोटो काढून ठेवलाय, काका,” पुतण्या म्हणाला. चुन्याची डबी फोटोत बसत नाही, हे त्याला काय सांगायचं.

वाट चारेक इंच वर आली. फाटक घासायला लागलं, ते खालून कापावं लागलं. ओट्याची पहिली पायरी नाहीशी झाली. अंगणातल्या खोलीचा उंबरा ओलांडायला आता पाय उचलावा लागत नाही, उलट आत उतरावं लागतं. तुळशीवृंदावन बसल्यासारखं दिसतं. पण गावाची पांढर अशीच तर वाढत आली आहे. तेरच्या पांढरीत खणणाऱ्यांना थराखाली थर लागत गेले, सातवाहनांच्या काळापर्यंत. तिथेही कुणी पुतण्या म्हणाला असणार, फोडायचं कशाला.

तुम्ही जुन्या सिमेंटवर गट्टू बसवणार असाल, तर आधी उंबऱ्याची उंची मोजा आणि भोकांचा आळस करू नका. घरात बाहेर झोपणारं कुणी म्हातारं माणूस असेल, तर त्याच्यापुरती एक पट्टी कोरीच ठेवा. गट्ट्यांवर वाकळ टाकून पाहिली. पाठीला एकेक फट लागते.