गंभीरचं भरीत

गुवाहाटीत २०२५ च्या २६ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेने आपल्याला ४०८ धावांनी हरवलं आणि ३० तारखेला, रविवारी, मुक्ताईनगरात आमची भरीत पार्टी ठरली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तो आम्ही जोडला.

भरीत पार्टीचे काही अलिखित नियम आहेत. राजकारण काढायचं नाही. आमच्या गावात ते पीक इतकं जोरात येतं की एका घरात दोन पक्ष असतात आणि विषय निघाला की माणूस हातातल्या पुरीसकट उठून जातो. केळीचा भावही काढायचा नाही, त्याने भूकच मरते. मग उरतं क्रिकेट. त्यावर मात्र कोणीही, कितीही आणि काहीही बोलावं.

मित्राच्या केळीच्या बागेत आठ किलो वांगी आली होती. बामणोदची, हिरवी, एकेक तान्ह्या पोराएवढं. कपाशीच्या काड्यांचा जाळ पेटला. बापू वांग्यांना टोचे मारून तेल लावत बसले. आम्ही बाकीचे नऊ जण जाळाभोवती गोल बसलो आणि नानांनी पहिला चेंडू टाकला.

"त्या गंभीरले काढा अन् द्रविडले आना. बस."

नानांचं गणित सोपं होतं. द्रविडने प्रशिक्षकपद सोडून जाता जाता २०२४ च्या २९ जूनला बार्बाडोसमध्ये विश्वचषक हातात ठेवला. गंभीर आला आणि न्यूझीलंड आपल्याच घरात ३-० ने धुऊन गेलं. आता आफ्रिका २-० ने. आफ्रिकेने आपल्याकडे कसोटी मालिका जिंकली होती ती २००० साली. मधली पंचवीस वर्षं त्यांना जमलं नव्हतं. मधे दुबईत चॅम्पियन्स करंडक जिंकला हे मी हळूच सांगून पाहिलं. नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच नाणेफेक हरून आलो होतो.

खरा राग वेगळाच होता. हरल्यावर गंभीर पत्रकारांना म्हणाला की माझं काय करायचं ते बोर्ड ठरवेल. बोर्ड! म्हणजे आम्ही इथं जाळाशी बसून डोळे चोळतोय ते कशासाठी?

माझा या बाबतीतला अधिकार थोडा मोठा आहे. २०२४ च्या मे महिन्यात बोर्डाने प्रशिक्षकाच्या जागेची जाहिरात काढली, तेव्हा पुतण्याने मोबाईलवर तो गूगल फॉर्म उघडून मला दिला होता. अटी वाचल्या. ३० कसोटी किंवा ५० एकदिवसीय सामने खेळलेले असावेत. नाहीतर एखाद्या देशाच्या, आयपीएलच्या वगैरे संघाचं प्रशिक्षण केलेलं असावं. वय साठच्या आत असावं. मी शेवटच्या अटीत चपखल बसत होतो. बाकीचं बोर्डाने समजून घ्यावं अशी माझी अपेक्षा होती, पण पुतण्या म्हणाला, "काका, राहू द्या." पुढे बातमी आली की तीन हजारांवर अर्ज आले आणि त्यांत तेंडुलकर, धोनी, इतकंच काय खुद्द पंतप्रधानांच्या नावाचेही बनावट अर्ज होते. म्हणजे मी खऱ्या नावाने भरला असता तर निदान प्रामाणिकपणात तरी वरचा नंबर लागला असता. फुटबॉलवाल्यांचं याहून भारी. २०२५ च्या जुलैत त्यांच्या महासंघाला ग्वार्डिओला आणि झावी यांच्या नावाने ईमेल गेले. तेही कोणीतरी घरबसल्या पाठवलेले निघाले आणि शेवटी नेमणूक झाली आपल्या खालिद जमीलची.

हे मी बागेत रंगवून सांगितल्यावर आमचे सर, निवृत्त असूनही सरच, म्हणाले, "अर्जाचं आपल्या तालुक्याला कौतुक सांगू नका. चांगदेवांनी काय केलं होतं?"

मुक्ताईनगरात कुठलीही चर्चा चांगदेवांना वळसा घालून जाऊ शकत नाही. तापी-पूर्णेच्या संगमावर त्यांचं देऊळ आहे, इकडे कोथळीला मुक्ताई आहे, आणि मधे आम्ही आहोत. ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसल्यावर चांगदेवांना मायना सुचेना. वयाने लहान म्हणून चिरंजीव लिहावं, तर ज्ञानाने मोठा. तीर्थरूप लिहावं, तर पोरगं. शेवटी कोरंच पत्र धाडलं. मुक्ताईने ते पाहिलं आणि चौदाशे वर्षं जगून हा गडी कोराच राहिला म्हणाली. पुढे चांगदेवांनी तिलाच गुरू केलं.

"चौदाशे वर्षांचा अनुभव," सर म्हणाले, "अन् बोर्डाची अट साठची. पहिल्याच चाळणीत बाद."

यानंतर एकेकाने आपापला उमेदवार मांडला आणि माझ्या लक्षात आलं की जो तो आपल्याच धंद्याचा माणूस शोधतोय. केळीच्या व्यापाऱ्याला परदेशी हवा होता, एक्स्पोर्ट क्वालिटीचा. "कर्स्टनने २०११ ले कप दिला का नाही?" दिला. "मग ग्रेग चॅपेलने २००७ ले काय दिलं?" हे सरांनी विचारलं आणि व्यापारी एकदम कांद्याची पात निवडायला लागला. सरांचा उमेदवार संदीप पाटील, कारण त्यांनी केनियासारख्या कच्च्या वर्गाला २००३ च्या विश्वचषकात उपांत्य फेरीपर्यंत नेलं. तिथे तो वर्ग आपल्याच हातून नापास झाला, पण मास्तरांची मेहनत पाहा. भुसावळला रेल्वेत आयुष्य काढलेले आबा म्हणाले, "गाडी लेट झाली का पहिले ड्रायव्हरले नोटीस. रूळ कोनी पाहत नाही." हे मला पटलं, पण आबा कुठल्याही विषयावर हेच बोलतात.

एवढ्यात वांग्यांकडे लक्ष गेलं. म्हणजे सगळ्यांचंच, एकाच वेळी.

"बापू, फिरवा, फिरवा, खालून कच्चं राही राह्यलं."

"नका फिरवू हो, फुटीन."

"जाळ कमी करा."

"जाळ वाढवा, धूर होई राह्यला."

"बापू, तुमची पद्धतच चुकीची आहे." हे वाक्य माझं. मी आयुष्यात वांगं भाजलेलं नाही, पण त्या क्षणी मला ते समोर स्पष्ट दिसत होतं.

बापू काही बोलले नाहीत. हात धोतराला पुसले, बॅटरी उचलली, थ्री फेजची लाईट आली आहे, ठिबकचे कॉक उघडून येतो म्हणाले, आणि केळीत दिसेनासे झाले. तो सरळ राजीनामा होता. आम्हाला ते कळायला चार वांगी जळावी लागली.

आता जाळाशी नऊ प्रशिक्षक होते आणि खेळाडू एकही नव्हता. व्यापाऱ्याने एक वांगं उचललं, बोट भाजलं, टाकून दिलं. नाना म्हणाले की लहानपणी येत होतं.

मित्राची कॉलेजात जाणारी मुलगी कळण्याच्या पुऱ्यांचं पीठ घेऊन आली होती. तिने एकदा वांग्यांकडे आणि एकदा आमच्याकडे पाहिलं. "तुम्ही अमोल मुझुमदारचं नाव कोणीच घेतलं नाही," ती म्हणाली.

गप्प झालो. २ नोव्हेंबरला, म्हणजे अजून महिनाही झाला नव्हता, नवी मुंबईत मुलींनी याच आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला होता आणि त्यांचा प्रशिक्षक अमोल मुझुमदार होता. रणजीत धावांचा डोंगर रचलेला, भारताकडून एकही सामना न खेळलेला. १९८८ ला सचिन-कांबळीने शाळेसाठी ६६४ ची भागी केली तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला पोरगा तो हाच. नंबर आलाच नाही.

"ते बायांचं झालं," नाना म्हणाले.

"मुक्ताई कोण होती, नाना?"

कोथळी तिथून हाकेच्या अंतरावर. या गावात या प्रश्नाला कोणाजवळ उत्तर नसतं. नानांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

तिच्या आईने, म्हणजे आमच्या वहिनींनी, मग पदर खोचला. उरलेली वांगी सोलली, लाकडी भांड्यात ठेचली, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाण्याची फोडणी, वरून पात. आमचा एकही सल्ला त्यांनी ऐकला नाही, कारण त्या वेळी कोणी दिला नाही. केळीच्या पानावर भरीत पडलं तेव्हा साडेनऊ होत आले होते. मोबाईलवर कळलं, रांचीचा एकदिवसीय सामना आपण १७ धावांनी जिंकला, कोहलीने १३५ केल्या.

"काय वाईट हाये भो गंभीर?" नाना दुसरी पुरी मोडत म्हणाले. "मानूस कडक हाये, इतकंच."

बापू कॉक उघडून आले, शांतपणे जेवले आणि भरीत चांगलं झालं म्हणाले. कोणी केलं ते त्यांनी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी परत बसायचं आहे. वांगी बारा किलो सांगितली आहेत. भाजणारा अजून ठरलेला नाही. इच्छुकांनी वयाची अट न पाहता यावं.